पुंगळी, माप आणि हत्यार



‘हत्यार’ हा शब्द आपल्या भाषेत दोन घरी नांदतो. पोलिसाने ‘हत्यार सापडले’ असे म्हटले की डोळ्यांपुढे सुरा येतो. टर्नरने ‘हत्याराला धार राहिली नाही’ असे म्हटले की लेथवरचा टूल येतो. खंडेनवमीला आपण दोघांनाही एकाच दिवशी फुले वाहतो. आज ज्या वस्तूविषयी मला बोलावयाचे आहे ती ह्या दोन अर्थांच्या बरोबर मध्ये उभी आहे. ती म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची पितळी पुंगळी, आणि एकदा उडालेली पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी करण्यासाठी लागणारी हत्यारे.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला, आणि ते जरा दचकलेच. कामगार संघटनेचा माणूस बोनस, कंत्राटी पद्धत, फार तर महागाई ह्यांवर बोलणार, ही अपेक्षा काही चुकीची नाही. मी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. पितळ मात्र पुष्कळ धरले आहे. तरुणपणी रद्दीच्या दुकानात मला एक अमेरिकन हस्तपुस्तक मिळाले. वर पितळेच्या नळीचे चित्र होते, म्हणून हे टर्नरच्या उपयोगाचे असेल अशा समजुतीने मी ते घेतले. शब्दकोश उशाशी ठेवून महिनाभर वाचले, तेव्हा कळले की हे शिकारी आणि नेमबाज लोकांसाठी आहे. पण तोवर मला त्याची गोडी लागली होती, आणि ती आजपर्यंत सुटलेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनविता येत नाही. तेव्हा इथून घरी जाऊन कोणी काही करावे म्हणून मी हे सांगत नाही. अमेरिकेत मात्र हा लाखो लोकांचा घरगुती उद्योग आहे. उडालेल्या काडतुसात सर्वांत महाग भाग पुंगळी, आणि ती तर हातातच राहते. मग तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसविली की काम झाले, असा हा हिशेब. पुढे पैशाचा हिशेब मागे पडला आणि अचूकपणाचा नाद लागला. कारखान्यातून येणारे काडतूस हजारो बंदुकींना चालावे म्हणून केलेले असते. मी माझ्या एकाच बंदुकीच्या मापाने ते करीन, असे नेमबाज म्हणू लागला. तयार कपडे आणि शिंप्याकडून शिवलेले कपडे ह्यांत जो फरक, तोच हा.

आता ही पुंगळी म्हणजे काय ते पाहू. तांबे शंभरात सत्तर आणि जस्त तीस, असे हे पितळ. त्याची आधी वाटी करतात. मग ती वाटी ठशातून ओढून ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीत पितळ कडक होत जाते, म्हणून मध्ये मध्ये ते भट्टीत तापवून मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंड्या-घागरींचे काम पाहिले असेल त्यांना हे नवे नाही. ठोक्यांनी तांबे ताठले की तांबट ते भांडे आगीवर धरतो आणि मग पुन्हा हातोडी घेतो. लोखंडाच्या कामातून आलेल्या माणसाला येथे एक चमत्कार वाटतो. पोलाद तापवून पाण्यात बुडविले तर कडक होते. पितळ तापवून पाण्यात बुडविले तरी मऊच राहते.

तयार पुंगळीचे बूड कडक असावे लागते आणि मान मऊ. बुडाला स्फोटाचा दाब सोसायचा असतो, मानेला गोळी धरून ठेवायची आणि वेळ आली की सोडायची असते. म्हणजे एकाच वस्तूत दोन स्वभाव पाहिजेत. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ सालचा आहे, पिढ्यान् पिढ्या कामगारांनी काडतुसे बनविली आहेत. २०२१ साली सरकारने असे ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटून टाकले आणि त्याच वर्षी संपबंदीचा कायदाही आणला. त्यावर मला पुष्कळ बोलता येईल, पण आज पुंगळीवर बोलण्याचे मी कबूल केले आहे.

पितळेला आठवण असते, असे मी आमच्या पोरांना सांगत असे. हे नुसते अलंकारिक बोलणे नव्हे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवीत असत. पाऊस संपला की पाहावे तो चांगल्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या. कोणी हात लावलेला नाही, कोणी उडविलेल्या नाहीत. ह्या रोगाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया पावसाळी दमट हवेत पुंगळीवर बसतो. पण एवढ्याने चीर पडत नाही. ठशातून ओढताना पितळेच्या अंगात जो ताण राहून गेलेला असतो, तो आणि अमोनिया ह्यांची गाठ पडली म्हणजे धातू तडकतो. उपायही त्यातूनच निघाला. पुंगळी हलक्या आचेवर तापवून आतला ताण घालवावा, कडकपणा मात्र राहू द्यावा. आजही जाणता नेमबाज पुंगळ्या चकचकीत करण्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश वापरीत नाही. घरात पितळेची भांडी घासणाऱ्या भगिनींना हे सांगावयास हरकत नाही. मात्र भांड्याला बंदुकीचा दाब सोसायचा नसतो, म्हणून त्यांचे चालून जाते!

आता बंदूक उडते तेव्हा काय होते ते पाहा. दाबाने पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या घराला, म्हणजे चेंबरला, घट्ट चिकटते. त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि बाहेर निघते. परंतु ती पहिल्यासारखी राहत नाही. तिने त्या बंदुकीचा आकार घेतलेला असतो. मग तिला ठशात, डायमध्ये, दाबून पुन्हा लहान करावे लागते. असे उडविणे आणि दाबणे चालले की पितळ हळूहळू पुढे सरकते. पुंगळी लांब होते आणि बुडाच्या किंचित वर तिची भिंत पातळ होत जाते.

हे दोन दोष, लांबी आणि पातळ भिंत, माणसाच्या डोळ्याचे आणि बोटांचेही नुकसान करू शकतात. लांब झालेल्या मानेचे तोंड चेंबरच्या शेवटच्या कडेत अडकते, गोळी सुटू देत नाही, आणि दाब भलताच वाढतो. पातळ झालेली भिंत एक दिवस तुटते आणि बूड वेगळे होते. तेव्हा अचूकपणाच्या गप्पा मारण्यापूर्वी ह्या दोहोंचा बंदोबस्त पाहिजे. कुठले हत्यार घ्यावे ह्याचे पहिले उत्तर येथेच मिळते.

लांबीसाठी व्हर्निअर. १९५२ साली निघालेले ‘थ्री झीरो एट विंचेस्टर’ नावाचे काडतूस घ्या. त्याच्या पुंगळीची जास्तीत जास्त लांबी २.०१५ इंच, आणि कापायची ती २.००५ इंचावर. मधले अंतर दहा थाऊ. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यात आम्ही थाऊ म्हणतो. मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा म्हणा ना. दहा थाऊ ओळखायला साधे, पण खरे व्हर्निअर पुरते.

भिंतीसाठी काय? येथे मला त्या हस्तपुस्तकाने जिंकले. टाचणीपेक्षा जरा लांब अशी एक तार घ्यावी, टोक वाकवून धारदार करावे, पुंगळीत उतरवावे आणि बुडापासून वर ओढीत आणावे. आत खाच पडली असेल तर टोक अडखळते. ती पुंगळी भंगारात. शेकडो डॉलरांची यंत्रे विकणाऱ्या त्या देशात जीव वाचविणारे हत्यार म्हणजे कागद टाचायची वाकडी तार!

आणि ही भिंत पातळ होते कशाने? पुष्कळदा मालकाच्याच हातून. डाय खाली खाली फिरवून पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला, की पुढच्या वेळी ती तेवढी जास्त ताणली जाते. म्हणून डाय कोणत्या कंपनीची घ्यावी ह्याआधी खांदा किती मागे जातो हे मोजणारे गेज घ्यावे. उडालेल्या पुंगळीचा खांदा मोजावा, डायमधून काढल्यावर पुन्हा मोजावा, आणि फरक एक-दोन थाऊ राहील अशी डाय बसवावी. स्वस्त डाय आणि गेज असलेला माणूस, महाग डाय आणि अंदाज असलेल्या माणसापेक्षा चांगले काम करतो. हे मी पुस्तकातून वाचले आहे, पण लेथवरही तसेच असते.

कापण्याच्या हत्यारांची गोष्ट मोठी मजेची आहे. एक अगदी स्वस्त प्रकार असा की कटरच्या पुढे एक पोलादी पिन असते. ती मानेतून शिरून बुडाच्या भोकातून बाहेर येते आणि खालच्या पकडीवर टेकते. टेकली की कापणे आपोआप थांबते. लांबी कारखान्यातच ठरलेली. बदलता येत नाही, आणि म्हणूनच चुकतही नाही. दुसरा प्रकार लहानशा लेथसारखा. ह्यात पुंगळी कडेला धरतात. आता कड जर जरा वाकडी किंवा ठेचलेली असेल तर पुंगळी तिरपी बसते आणि तोंडही तिरपे कापले जाते. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमिअर गावच्या विल्सन ह्या कारखान्याने वेगळी वाट काढली. त्यांची पकड पुंगळीच्या निमुळत्या अंगाला धरते, कडेला नव्हे. म्हणून कापलेले तोंड अंगाशी काटकोनात येते. टर्नर मंडळींना ह्यातले मर्म लगेच कळेल. काम कुठे धरले ह्यावर कापणे अवलंबून; कटरची धार नंतरची गोष्ट. शिवाय मूठ फिरविताना एकदा जोर जास्त, एकदा कमी, असे केले तर कुठलेही यंत्र एक-दोन थाऊचा फरक दाखविणारच. पन्नास पुंगळ्या असतील त्याने हाताने फिरवावे; हजार असतील त्याने मोटरचे घ्यावे. ह्यापलीकडे त्यात वाद नाही. कापल्यावर आतून-बाहेरून बर काढावी आणि तोंडाला हलका चांफर मारावा, नाहीतर गोळी बसताना खरवडली जाते.

ह्यानंतर नादाचा प्रांत सुरू होतो. मानेची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते, कारण मूळ वाटीच एका बाजूस जाड असली तर तो दोष ओढत ओढत वरपर्यंत येतो. मग मान बाहेरून तासून सारखी करण्याचे हत्यार, ती मोजण्यासाठी गोल टोकाचा मायक्रोमीटर, पुंगळी फिरवून किती डुगडुगते ते दाखविणारे गेज, टोपीचा खळगा सारखा करणारे कटर, बुडाच्या भोकाची आतली बर काढणारे कटर. साध्या डायमध्ये मान आधी फार आवळतात आणि मग एक गोळा आतून ओढून ती उघडतात. तो गोळा कधी कधी मानेलाच वाकडी ओढतो, म्हणून बदलत्या बुशची डाय निघाली. हे सगळे खरे आहे, आणि प्रत्येकाला जागा आहे. पण दुकानात मिळते म्हणून प्रत्येकाला ते पाहिजेच असे नाही. साध्या शिकारी बंदुकीचे चेंबर मुळातच सैल असते. तिथे मान तासून सारखी केल्याने निशाण्यावर फरक दिसेलच असे नाही. काहीजण पुंगळ्या वजन करून निवडतात. पण वजनात कडेचे पितळही येते, आणि पाहिजे असते ती आतली जागा. ती पाहायची तर पुंगळीत पाणी भरून मोजावे लागते. काटा कितीही नाजूक असला तरी भलतीच गोष्ट मोजीत बसला तर त्याचा काय उपयोग?

येथे मला माझी स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात मी एका लहान कारखान्यात पितळेचे बुश फिरवीत होतो. नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला. भोक पन्नास मिलिमीटरचे, सूट पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे एक थाऊ. पगार पीसरेटवर. रात्रपाळीत आम्ही गेज घालून माल पास करून ठेवीत असू, आणि सकाळी इन्स्पेक्टर त्यातला पुष्कळ माल ‘भोक लहान’ म्हणून परत करी. तो पुन्हा चकमध्ये धरायचा, पुन्हा बोअर करायचा, आणि त्या वेळेचा पैसा नाही. मालकाने आधी नवा बोअरिंग बार आणला, मग परदेशी टिपा आणल्या. परत येणारा माल तेवढाच. मी तेव्हा संघटनेत नवा, रक्त गरम. इन्स्पेक्टर मालकाचा माणूस आहे, तो आमची मजुरी कापण्यासाठी हे करतो, असे मी गेटवर उभा राहून सांगितले. टाळ्याही पडल्या.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या फिटरने मला बाजूला घेतले. म्हणाला, “अरे पोरा, तू बुश हातात घेतोस तेव्हा चटका बसतो की नाही?” मी म्हटले, “बसतो ना मिस्त्री.” “मग सकाळी बसतो का?” एवढे बोलून तो निघून गेला.

पन्नास मिलिमीटरचे पितळ तीस अंशांनी तापले तर सुमारे तीस मायक्रॉन वाढते. आमची सगळी सूट पंचवीसची. आम्ही गरम माल मोजीत होतो आणि इन्स्पेक्टर गार. दोघांचे गेज खरे, दोघेही प्रामाणिक, आणि भांडण मात्र पेटलेले. मी गेटवर पुन्हा उभा राहिलो आणि इन्स्पेक्टरची माफी मागितली. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत.

पण म्हणून मालक सुटला असे नव्हे. खरा प्रश्न आता सुरू झाला. माल गार व्हायला पंधरा मिनिटे लागतात, तो वेळ कोणाचा? मालक म्हणाला, नवी हत्यारे मी घेऊन दिली, आणखी काय पाहिजे? आम्ही म्हटले, हत्यारे तुम्ही घेतलीत पण दोष कुठे आहे ते पाहिले नाहीत. त्या बोअरिंग बारच्या पैशात सहा महिन्यांची पंधरा-पंधरा मिनिटे निघाली असती. शेवटी ठरले ते असे: दोन लाकडी ट्रे ठेवायचे, एका ट्रेमधला माल गार होईपर्यंत दुसऱ्याचा फिरवायचा, मोजणी गार मालाची, आणि मोजणीचा वेळ दरात धरायचा. दर किती वाढला ते सांगितले तर तुम्ही हसाल. पण परत येणारा माल जवळजवळ थांबला.

पुढे वाचनात आले की आमची फजिती फार मोठ्या माणसांनी आधीच ओळखली होती. स्वीडनमध्ये कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा एक गृहस्थ एस्किल्स्टुनाच्या सरकारी बंदूक कारखान्यात तपासनीस होता. १८९६ साली जर्मनीतला माउझरचा कारखाना पाहून तो परत येत होता. तेथे प्रत्येक मापासाठी वेगळे गेज, असा प्रचंड पसारा त्याने पाहिला होता. त्याच्या मनात आले, की थोडे पोलादी ठोकळे असे करावेत, जे एकावर एक बसवून हवे ते माप तयार करता येईल. १०२ ठोकळ्यांत सुमारे वीस हजार मापे त्याने बसविली. ते ठोकळे घासून बिनचूक करण्यासाठी त्याने बायकोचे शिवणयंत्र बदलून घेतले होते. आणि त्याने मापाबरोबर उष्णमानही ठरविले: वीस अंश. १९३१ साली हेच वीस अंश साऱ्या जगाच्या मापनासाठी मान्य झाले. बंदुकीच्या कारखान्यातल्या एका तपासनिसाच्या डोक्यातून निघालेले हे ठोकळे आज साध्या टूलरूममध्येही असतात.

अमेरिकेतले हत्यारे करणारेही बहुधा असेच हाताने काम करणारे. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन ह्याने १९४३ साली वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूस गोळ्या दाबण्याच्या डाय करावयास सुरुवात केली. त्याचीच पुढे आर. सी. बी. एस. ही मोठी कंपनी झाली.

राहिली गोष्ट मान मऊ करण्याची. पुंगळी पाच-सहा वेळा उडविली आणि दाबली की मान ताठते आणि चिरा जाऊ लागतात. मग ती तापवावी लागते, पण बूड मऊ होता कामा नये. बूड मऊ झालेली पुंगळी म्हणजे उघड संकट. जुनी रीत अशी, की पुंगळ्या परातीत पाण्यात उभ्या करावयाच्या, बुडे पाण्याखाली, आणि वरून माना ज्योतीने तापवून एकेक पाण्यात पाडावयाची. दिवा मंद केला तर रंग नीट दिसतो. आता विजेच्या वेटोळ्यात पुंगळी क्षणात तापविणारी यंत्रे निघाली आहेत. प्रत्येक मान सारखी तापते हा त्यांचा गुण; किंमत पाहिली तर अमेरिकन नेमबाजही दोनदा विचार करतो. ज्याच्याकडे शंभर पुंगळ्या आहेत त्याला परात पुरते.

व्याख्यान संपल्यावर कोणीतरी विचारणारच, की एवढ्या पसाऱ्यातून नवख्याने आधी काय घ्यावे. माझी यादी लहान आहे: एक व्हर्निअर, खांदा मोजण्याचे एक गेज, आणि ती वाकडी तार. पहिल्या पन्नास पुंगळ्या उडविण्याआधी आणि नंतर मोजाव्यात, आणि आकडे वहीत लिहावेत. लांबी पळत असेल तर कापण्याचे हत्यार घ्यावे. खांदा पळत असेल तर डाय नीट बसवावी, त्याला पैसे पडत नाहीत. गोळ्या निशाण्यावर पसरत असतील आणि मान डुगडुगताना दिसत असेल, तरच मानेच्या हत्यारांची चौकशी करावी. आणि रोज काम सुरू करताना व्हर्निअरचे जबडे मिटवून, उजेडाकडे धरून, शून्य शून्यावर बसते का ते पाहावे. आमच्या कारखान्यातला तो म्हातारा फिटर हे पाहिल्यावाचून माझ्या हातचे माप कधीच मान्य करीत नसे.